दगडावर कोणत्या भाषेत लिहावे?

(अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया येथे राहणाऱ्या एका निवृत्त परिचारिकेच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. आपल्या कबरीवरच्या दगडावर काय लिहावे हे माणसाने जिवंतपणी ठरवावे काय, आणि ठरवावयाचे झाल्यास कशाच्या आधारे, असा हा विषय आहे. आपल्या घरांत असले बोलणे अभद्र मानतात. वडीलधारी माणसे तो विषय निघाल्या जागीच बंद करीत. परंतु माझे आयुष्य रुग्णालयात गेले. मरणाबद्दल वेळेवर न बोलल्यामुळे मागे राहणाऱ्यांची किती ओढाताण होते, हे मी वर्षानुवर्षे जवळून पाहिले आहे. म्हणून सत्तरी ओलांडल्यावर मी हा प्रश्न स्वतःलाच विचारला, आणि त्याचे उत्तर शोधताना मला आपल्या समाजाचा इतिहास पुन्हा वाचावा लागला.

प्रश्न आला तो व्यवहारातून. मुलाने येथील ज्यू दफनभूमीत माझ्यासाठी जागा घेतली, तेव्हा दगडाविषयीचा एक छापील तक्ता घरी आला. किती ओळी, एका ओळीत किती अक्षरे, कोणती भाषा, हे सर्व त्यात भरावयाचे होते. हिब्रू आणि इंग्रजी यांच्यासाठी रकाने होते, मराठीसाठी नव्हता. मुलाने सहज विचारले, "आई, मराठी हवीच का? इथे ती वाचणार कोण?" प्रश्न रास्त होता. माझ्या नातवंडांना मराठी कळते, पण देवनागरी वाचता येत नाही. अ‍ॅशबर्न आणि आसपासच्या गावांत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, परंतु त्यांचे पाय ज्यू दफनभूमीकडे वळण्याचे कारण नाही. तेव्हा ज्या लेखाला वाचक नाही तो लिहावा कशासाठी, हा मुलाचा मुद्दा मला टाळता येईना.

आधी आपल्या धर्मात दगडाचे स्थान काय, ते पाहू. तोरामध्ये कबरीवर उभारलेल्या पहिल्या खुणेचा उल्लेख येतो तो राहेलच्या कबरीचा. बेथलेहेमच्या वाटेवर प्रसूतीत तिचा अंत झाला आणि याकोबाने तेथे स्तंभ उभा केला. सुईणपण शिकलेल्या बाईला तो भाग वाचताना थांबावे लागते. त्या स्तंभावर काही लिहिले होते, असे तोरा सांगत नाही. पुढे मिश्नाच्या काळात दरवर्षी अदार महिन्यात कबरींवर खुणा करीत, त्या येणाजाणाऱ्यांना जागा कळावी म्हणून. यरुशलेमच्या तालमुदात रब्बान शिमोन बेन गमलिएल यांचे मत असे नोंदले आहे की, सज्जनांना स्मारक लागत नाही, त्यांचे शब्द हेच त्यांचे स्मारक. बाबेलच्या तालमुदातील होरायोत या भागात तर विद्येचे विस्मरण घडविणाऱ्या गोष्टींची एक यादी आहे, आणि तीत कबरीवरचा लेख वाचणे हेही घातले आहे! सारांश, आपल्या परंपरेला दगड मान्य आहे, परंतु दगडावरचा गाजावाजा मान्य नाही.

आता कोकणात येऊ. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि जे बुडाले त्यांची प्रेते किनाऱ्यावर पुरली गेली, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. नवगावच्या दफनभूमीत ते दोन उंचवटे दाखवितात. एकात पुरुष, दुसऱ्यात स्त्रिया, अशी परंपरा आहे. आपल्या समाजाच्या इतिहासाचे हे पहिले पान, आणि त्यावर एकही अक्षर नाही. कोकणातील जुन्या दफनभूमींतही बिनअक्षरांचे दगड आढळतात. तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी घाणा बंद ठेवून 'शनिवार तेली' म्हणवून घेणारे आपले पूर्वज शेमा म्हणत, सुंता करीत, शब्बाथ पाळीत. पण हिब्रू लिहिणे-वाचणे त्यांच्याकडून सुटले होते. नावेही कोकणच्या मातीत मुरली होती. शमुवेलाचा सामाजी झाला, अब्राहमाचा अबाजी, इसहाकाचा इसाजी. आडनावे गावांवरून पडली : दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर.

हिब्रू अक्षरे आपल्याकडे परत आली ती दोन वाटांनी. एक वाट कोचीनची. तेथील ज्यू शिक्षक येऊन प्रार्थना शिकवू लागले. १९व्या शतकात त्यांपैकी शलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव आपल्या लोकांनी कृतज्ञतेने जपले. दुसरी वाट ख्रिस्ती मिशनऱ्यांची. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ साली बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्यांचा हेतू आपल्याला ख्रिस्ती करण्याचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले आणि हेतू परत केला. त्यापूर्वीच, १७९६ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुवेल यहेज्केल दिवेकर, यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले होते. शाआर हाराहमीम, दयेचे द्वार, असे त्याचे नाव. आपण त्याला जुनी मशीद म्हणतो. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटलो तर सिनेगॉग बांधीन, हा त्यांचा नवस होता, असे आपली परंपरा सांगते. त्यांच्या नावाचा रस्ता आजही मुंबईत आहे.

या शंभर वर्षांत आपल्या दगडांवर हिब्रू उमटू लागले. वरती पे आणि नून ही दोन अक्षरे, म्हणजे 'येथे पुरले आहे'. खाली ताव, नून, त्सादी, बेत, हे ही पाच अक्षरे; शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अबीगईल दाविदाला जो आशीर्वाद देते, त्यातून ती आली आहेत. मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो, असा त्यांचा भाव. मध्ये नाव, बापाचे नाव, तारीख. हिब्रूबरोबर मराठी आली आणि पुढे इंग्रजीही. आपल्या दफनभूमीतून फिरणाऱ्याला एकाच दगडावर तीन लिप्या भेटतात.

येथे मी आपणांस एक प्रश्न विचारते. १८५० किंवा १८६० च्या सुमारास कोकणात एखाद्या म्हाताऱ्याच्या कबरीवर मुलांनी हिब्रू अक्षरे कोरून घेतली असतील, तेव्हा ती वाचणारे त्या गावात किती होते? दगडाभोवती उभ्या असलेल्या बहुतेक मंडळींना ती कळली नसतील. घाणा चालविणारा मुलगा ती बोटाने चाचपून पाहत असेल, इतकेच. तरीही त्याने पदरचे पैसे खर्चून ती कोरविली. का? कारण आपला नातू ती वाचील, अशी त्याची खात्री होती. आणि नातवाने ती वाचली. १८७५ साली हाईम शमुवेल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी सचित्र हग्गादा निघाली, आणि तिच्या चित्रांत आपल्या बायका लुगडी नेसून मत्सा करीत बसलेल्या आहेत. अक्षरे आधी आली आणि वाचक मागून आला.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. दगड हा त्या दिवशी रडणाऱ्यांसाठी नसतो; त्यांना नाव ठाऊकच असते. दगड पुढे येणाऱ्यासाठी असतो, आणि त्याला कोणती भाषा येत असेल हे आज आपण ठरवू शकत नाही.

कोणी म्हणेल, पवित्र भाषा हिब्रू, ती पुरेशी आहे. मराठीला ज्यू दगडावर काय काम? त्याला उत्तर जुन्या काळातच आहे. रोम शहराखाली ज्यूंच्या भुयारी दफनभूमी आहेत. तेथील बहुतेक लेख ग्रीक भाषेत आहेत, काही लॅटिनमध्ये. हिब्रू फार थोडे, बहुधा 'शालोम' एवढा एखादा शब्द, आणि शेजारी सात फाट्यांच्या मेनोराचे चित्र. खुद्द इस्राएलच्या भूमीत बेथ शेआरीम येथे, जेथे मिश्नाचे संपादक रब्बी यहूदा हनासी यांना पुरले असे मानतात, तेथेही बहुसंख्य लेख ग्रीक आहेत. जी भाषा माणूस घरात बोलत होता, ती त्याच्या दगडावर आली. हा आपल्या राष्ट्राचा जुना प्रघात आहे. मराठी ही आपली घरची भाषा. मलिद्याच्या ताटाभोवती आपण एलियाहू हन्नाबीची आठवण काढतो ती हिच्यातच. बारशाची गाणी आणि भांडणेही हिच्यातच.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत इस्राएलमध्ये विवाहाच्या वेळी बेने इस्राएलांच्या कुळाबद्दल शंका घेतल्या गेल्या, आपल्या लोकांना आंदोलन करावे लागले, आणि १९६४ साली तो प्रश्न मिटला. तेव्हा मी शाळेत होते. घरातली मोठी माणसे हलक्या आवाजात बोलत, ते आठवते. 'तुमच्या पणजोबांचे पुरावे दाखवा' असे म्हटल्यावर शेतकरी आणि तेली माणसाने काय दाखवावे? त्याच्याकडे कागद नसतात, आडनाव असते आणि कबर असते. दगडावर गाव लिहिणे म्हणजे काय, ते मला तेव्हापासून कळते.

आता ज्या भूमीत माझा दगड बसणार आहे, तिच्याकडे वळू. माणसाने आपला लेख आपणच ठरविल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण व्हर्जिनियातलेच आहे. थॉमस जेफरसन, अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष. अ‍ॅशबर्नहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर मॉन्टिसेलो येथे त्यांचे घर आणि कबर आहे. ४ जुलै १८२६ रोजी ते वारले. आपल्या दगडावर काय असावे हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते : स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कर्ता, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा कर्ता, आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक. या तिहींखेरीज एक शब्दही नको, अशी ताकीद होती. दोनदा अध्यक्षपद भूषविले, त्याचा उल्लेख नाही. दगडही ओबडधोबड निवडावा, म्हणजे त्याच्या किमतीसाठी कोणी तो मोडणार नाही, असे त्यांनी कळविले होते. तरी आठवण म्हणून लोक त्याचे टवके काढून नेऊ लागले, आणि १८८३ साली तेथे नवा, मोठा स्तंभ उभारावा लागला.

धर्मस्वातंत्र्याचा तो कायदा १७८६ साली मंजूर झाला. व्हर्जिनियात ज्यू माणूस ताठ मानेने राहू शकतो, त्याच्या मुळाशी तो कायदा आहे. जेफरसन यांच्या मागे ते घर पडीक होत चालले असता, अमेरिकन नौदलातील युरायाह लेव्ही या ज्यू अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात ते विकत घेऊन वाचविले. त्याची आई राहेल लेव्ही तेथेच पुरली आहे. घराकडे जाणाऱ्या वाटेवर तिची कबर दिसते. पुष्कळ प्रवासी तिच्यावरून तसेच पुढे जातात; मी तिच्यावर खडा ठेवून आले.

परंतु त्याच टेकडीच्या पायथ्याकडे आणखी एक दफनभूमी आहे, गुलामांची. जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती. त्या दफनभूमीत चाळीसच्या वर कबरी आहेत आणि नावे नाहीत. दूर जावयास नको. आमच्या अ‍ॅशबर्नमध्येच, बेलमॉन्ट येथे, तेथील मळ्यावर राबलेल्या गुलामांची दफनभूमी आहे. रानातला दगड डोक्याशी उभा, अक्षर नाही. हे गाव डेटा सेंटरांसाठी जगात प्रसिद्ध आहे. साऱ्या जगाची माहिती येथल्या खिडक्या नसलेल्या इमारतींत साठविलेली असते. त्याच गावात ही माणसे नावावाचून झोपली आहेत. नवगावच्या उंचवट्यांना अक्षर नाही ते समुद्रामुळे आणि विस्मृतीमुळे. येथे ते नाही, कारण ही माणसे कोणाच्या तरी मालकीची होती आणि त्यांची नावे दगडावर घालण्याची गरज मालकाला वाटली नाही. दोन्ही ठिकाणी उभे राहिल्यावर मला हे उमगले की आपला लेख आपण निवडणे ही चैन नाही. ज्याला निवडता येते त्याने तो नीट निवडावा, हे न निवडू शकलेल्यांचे आपल्यावर ऋण आहे.

आणखी एक अमेरिकन उदाहरण सांगते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी, मुद्रक असताना, आपल्यासाठी एक लांबलचक विनोदी लेख रचला होता. त्यात आपल्या देहाची तुलना त्यांनी जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याशी केली होती. म्हातारपणी मात्र साध्या दगडावर आपले आणि पत्नीचे नाव एवढेच असावे, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली. फिलाडेल्फियात आज तोच दगड आहे. वय वाढते तशी शब्दांची गरज कमी होते.

मग मी काय ठरविले?

मी परिचारिकेची पदविका घेतली तेव्हा आमच्या मेट्रनबाईंचा एक दंडक होता : अहवालात आपले मत लिहू नका, जे पाहिले आणि जे केले ते लिहा. माझ्या दगडालाही मी तोच दंडक लावला. 'प्रेमळ', 'धर्मपरायण', 'सर्वांची लाडकी' हे शब्द मी माझ्याविषयी लिहिणार नाही; तसे काही असेल तर हश्काबा म्हणणाऱ्यांच्या तोंडी येऊ द्यावे. रुग्ण दाखल होताना केसपेपरावर प्रथम काय लिहितात? नाव, गाव, काम. बेवारस म्हणून आणलेल्या माणसाच्या मनगटावर मी कोरी पट्टी बांधली आहे, आणि दोन दिवसांनी नातेवाईक सापडल्यावर तीच पट्टी नाव घालून पुन्हा बांधली आहे. त्या दोन पट्ट्यांतला फरक मला आयुष्यभर पुरला. म्हणून माझ्या दगडावर नाव, गाव आणि काम एवढेच असेल, आणि ते तीन भाषांत वाटलेले असेल. एकच मजकूर तीनदा लिहिण्यात अर्थ नाही. प्रत्येक भाषेने आपापले काम करावे.

हिब्रूत माझे नाव, आणि आईबाप दोघांचीही नावे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आपण आईचे नाव घेतो आणि दगडावर सर्वसाधारणपणे बापाचे लिहितो. मी दोन्ही लिहविणार आहे, कारण आजारी माणसांच्या उशाशी उभी राहून मी आईची नावेच अधिक ऐकली. वर ती दोन अक्षरे, खाली ती पाच अक्षरे आणि हिब्रू तारीख. इंग्रजीत माझे कागदोपत्री नाव आणि दोन वर्षे, म्हणजे ज्याला शोधावयाचे आहे त्याला सापडावे. आणि मराठीत फक्त तीन शब्द : 'माहेर कोकण. परिचारिका.'

तरुण नातेवाइकांसाठी काही व्यवहाराच्या सूचना सांगते, कारण इतिहासाचा उपयोग शेवटी हातात यावा. पहिली : मृत्यूची नेमकी वेळ लिहून ठेवा. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, हिब्रू तारीख सूर्यास्ताला. संध्याकाळी वारलेल्या माणसाच्या दगडावर चुकीची हिब्रू तारीख गेली, की दरवर्षीची कद्दीश चुकीच्या दिवशी म्हटली जाते. दुसरी : परदेशातील कारागिराला देवनागरी टंकलेला मजकूर पाठवू नका. त्याच्या संगणकात वेलांट्या उलट्या जागी जातात, जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे उरतात. सुवाच्य अक्षरात लिहून त्याचे चित्र पाठवा, आणि कोरण्यापूर्वी नमुना मागवून मराठी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. शक्य तर जोडाक्षर नसलेले शब्द निवडा. माझ्या तीन शब्दांत एकही जोडाक्षर नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ते मुद्दाम केले आहे. तिसरी : दफनभूमीचे नियम आधी विचारा. तक्त्यात रकाना नाही म्हणजे मनाई आहे असे नसते. मी विचारले, आणि तिसऱ्या भाषेची ओळ घालण्यास परवानगी मिळाली. चौथी : आपण निवडलेला लेख घरातल्या दोघांना तरी वाचून दाखवा. कुलुपात ठेवलेली इच्छा दफनानंतर सापडते.

मी तो मजकूर नातीला वाचून दाखविला. तिला 'परिचारिका' कळले. 'माहेर' कळले नाही. तिने अर्थ विचारला. मी सांगू लागले, तेव्हा 'बापाचे घर' एवढ्याने भागेना. लग्न झालेली बाई जेथे लेक म्हणून परत येते, जेथे तिला कोणी कामाला लावत नाही, ते घर, असे सांगितले. मग तिने विचारले, "पण आजी, कोकण हे तर गावही नाही, घरही नाही. ते माहेर कसे?" त्या प्रश्नावर नवगाव निघाले, गलबत निघाले, घाणे निघाले, सामाजी हसाजी निघाले. पाऊण तास गेला. तीन शब्दांचे हे काम माझ्या देखतच सुरू झाले, याचा मला आनंद आहे.

आपल्यापैकी कोणी मुंबईत असेल, कोणी लोद, अश्दोद, दिमोना येथे, कोणी माझ्यासारखे अमेरिकेत. जेथे असाल तेथे हा प्रश्न घरात काढा. मराठीची एक ओळ ठेवा. आज ती वाचणारा नसेल, तर आपल्या पणजोबांनी हिब्रूवर ठेवला तेवढा विश्वास आपणही ठेवावा.